पहारेकऱ्यालाच झोप लागली त्याची हकिगत

रात्र रात्र छताकडे बघत पडणाऱ्या तमाम बांधवांतले माझे सर्वांत जवळचे साथी, आदरणीय साडूभाऊ यांस सप्रेम नमस्कार.

गुडघा काय म्हणतो तुमचा? रात्रभर तळमळायचं आणि सकाळी ज्याने त्याने वर विचारायचं, ‘मोबाइल बघत बसला होता ना?’ हा अपमान आपण दोघांनी कुठवर गिळायचा? (मी मोबाइल बघतो तो झोप येत नाही म्हणून. हे डॉक्टरलाही पटत नाही.)

साडूभाऊ, आपण रोगी नाही, पहारेकरी आहोत! मानववंशशास्त्राचे जाडजूड ग्रंथ पालथे घालून मी हे सांगतो आहे. आदिमानव काय बंद खोलीत कडी लावून घोरत होता? अख्खी टोळी एकत्र पडायची, कोणी ना कोणी जागं असायचं, म्हणून बाकीचे वाघाच्या पोटात गेले नाहीत. त्या जागणाऱ्यांचे वारस आपण! टोळी मोडली, भिंती आल्या आणि पहाऱ्याला लोक आजार म्हणू लागले. वाचनालयाच्या सभेत हे मांडलं तेव्हा टाळ्या पडल्या. (काही श्रोते झोपले. टोळीत झोप लागते, याचा तोही पुरावाच.)

पण नुसतं भाषण ठोकून गप्प बसणारा मी नव्हे. रविवारी दुपारी दिवाणखान्यात गाद्या अंथरल्या आणि टोळी आडवी केली: तुमची मेहुणी, मुलगा, सूनबाई आणि आपल्या दोघांच्या सासूबाई. गुहेला दार नसतं, म्हणून घराचं दार सताड उघडं. पहारा माझा, तुमच्या मेहुणीच्या शेजारच्या उशीवरून. सासूबाई म्हणाल्या, “जावईबापू, वाघ आलाच तर आधी मला हाक मारा, कवळी लावायची आहे.” तुमची मेहुणी एवढंच म्हणाली, “दार तरी लोटा हो.” मी लोटलं नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

आणि पहारेकऱ्यालाच झोप लागली! तीही अशी गाढ, की वॉशिंग मशीन दुरुस्त करणारा दारात आलेला कळला नाही. (एरवी बोलावून बोलावून तोंड दुखतं, तरी हा येत नाही.) पाच माणसं भर दुपारी निपचित पडलेली बघून तो जिन्यात बोंबलत सुटला, “गॅस! अख्खं घर गेलं!” शेजारी धावले. खालच्या शिंपीणबाईंनी तुमच्या मेहुणीच्या तोंडावर बादली उपडी केली. वरचा निवृत्त कंपाउंडर माझ्या छातीवर बसला. मी ओरडलो, “अहो, जिवंत आहे मी!” तर म्हणतो, “बोलू नका, श्वास वाचवा.” अग्निशमन दलाचे जवान आले तेव्हा ही गादीवर निथळत उभी आणि मी त्यांना आदिमानव समजावून सांगतोय! हिने तशीच बॅग भरली. “टोळीतून एक कमी धरा,” म्हणाली आणि तडक तुमच्याकडे आली. (सासूबाई इथेच राहिल्या. इतकी मजेची दुपार पूर्वी गेली नव्हती म्हणतात.)

आपला,
जागा साडू

ता. क. माझा सिद्धांत अबाधित आहे. प्रयोग फसला तो दुरुस्तीवाल्यामुळे.

आणखी एक ता. क. सिद्धांत गेला खड्ड्यात. पूर्वी पहाटे तरी डोळा लागायचा, ही गेल्यापासून डोळ्याला डोळा नाही. मुलगा, सून, सासूबाई सगळे आहेत, पण शेजारची उशी रिकामी आहे. त्या दुपारी मला झोप कशी लागली, ते आता कुठल्या ग्रंथात शोधायची गरज उरली नाही. चूक माझी होती. तिने घरी यावं. साडूभाऊ, वरचं सगळं पत्र फाडून टाका आणि फक्त एवढा तुकडा आत्ताच्या आत्ता उठून तिच्या हातात द्या.