दोन फूट उंच जोतं

बाबा, आपलं घर मी पाडलं. त्या जागी नवं बांधून दोन वर्षं झाली आणि तुम्हाला आत्ता सांगतेय. तुम्ही होता तेव्हा हिंगोली परभणी जिल्ह्यात होती. तुमच्यामागे ती स्वतःच जिल्ह्याचं गाव झाली, आणि आपल्या गल्लीत पत्रे उतरून स्लॅब पडू लागले. जो तो शेजारच्यापेक्षा उंच बांधतो. विचारलं तर पाण्याचं कारण सांगतात, पण निम्मी हौसच. ओटे गेले, लोखंडी फाटकं आली. संध्याकाळी दवाखान्यातली ड्यूटी संपवून मी येते, तेव्हा दारात बसलेलं कुणी दिसत नाही. फार एकटं वाटतं.

तुम्ही घर बांधायला काढलं ते दिवस मला लख्ख आठवतात. तुम्ही आणि शेजारचे काका पाणी भरलेली नळी धरून दोन्ही घरांचं जोतं एका पातळीत आणताय. मी नऊ-दहा वर्षांची. "आपलं उंच करा ना," मी म्हणते, आणि तुम्ही हातातली नळी न सोडता डाफरता, "काहून? आपल्या अंगणातलं पाणी त्यांच्या चुलीत सोडायचं हाय का तुला?" मी दिवसभर गाल फुगवून बसले होते.

नव्या घराच्या वेळी मिस्त्री म्हणाला, "ताई, रोड वर येऊन राहिला. दोन फूट उचला, न्हाईतर पाणी घरात घुसंल." मी हो म्हटलं. काकूंचं घर जिथल्या तिथे राहिलं. काका गेले, दोन्ही पोरं पुण्याला. गेल्या भादव्यात झड लागली आणि माझ्या अंगणातलं पाणी सरळ त्यांच्या स्वयंपाकघरात शिरलं. मी धावत गेले, तर काकू ताटलीने पाणी उपसत होत्या. "एवढं उंच काहून घेतलं गं माय?" एवढंच विचारलं त्यांनी.

"बाबाच तसं सांगून गेले होते," मी म्हणाले.

काकू थांबल्या. "तुझ्या बापानं सांगितलं व्हय? मग बराबर असंल," म्हणाल्या आणि पुन्हा उपसू लागल्या. त्या दिवसापासून त्यांनी पाण्याचा विषय काढलेला नाही. माझ्याकडे येतात, चहा घेतात, तुमच्याबद्दल बोलतात. या गल्लीत तुमच्याबद्दल बोलणारं तेवढंच एक माणूस उरलंय.

हे पत्र तुम्हाला धाडता येत नाही. खरं तर ते काकूंना वाचून दाखवायला हवं. त्यांचं दार चार पावलांवर आहे. मी अजून गेलेले नाही.