ताई, फुटाणा वाचला

लाडक्या ताईला,

फुटाणा वाचला. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं तू निवांत ऐकशील. तुला शेवट आधी लागायचा. सिनेमाला निघतानासुद्धा विचारायचीस, "शेवटी कोणी मरत नाही ना गं?" तर नाही. कोणी मरत नाही.

दुपारी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं की माझा हात अजून फोनकडे जातो. इतकी वर्षं ती आपली वेळ होती. तू शाळेत शिकवून घरी आलेली, माझी शिलाई मशीनवर वाकून पाठ धरलेली, आणि दोघींना जेवायच्या आधी बोलायचं असायचं. परवा तर मी नंबर लावलाच. भाऊजींनी उचलला. तुझा फोन त्यांनी अजून चालू ठेवलाय, माहीत आहे तुला? मग ते म्हणाले, "नंदा, तिला काय सांगायचं होतं? लिहून काढ." म्हणून लिहिते आहे.

आधी एक तक्रार. पिल्लू आणलंस. टोपलीतून टणाटणा उडतं म्हणून त्याचं नाव फुटाणा ठेवलंस. ते पांढरं पॉमेरेनियन मांडीवर घेऊन त्याला दूधभात भरवलास. पण भाऊजींशी त्याची ओळख करून द्यायचं विसरलीस! ते पेपर खाली न करता म्हणायचे, "तुझ्या कुत्र्याला आवर." तू हसायचीस. मग दिवाळीनंतर एका दुपारी डोकं दुखतंय म्हणून आडवी झालीस, ती पुन्हा उठली नाहीस. दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी हॅमरेज सांगितलं आणि संपलंच सगळं. त्या घरात मागे राहिले ते दोघं, एकमेकांना न ओळखणारे.

तेराव्याला सगळे जमले तेव्हा कुत्र्याचा विषय निघाला. माझ्याकडे सासूबाईंचा दमा, आणि दुकानात खाली पडलेल्या टाचण्या न् सुया. चांदवडचा आपला चुलतभाऊ विष्णू म्हणाला, मळ्यात सोडा, मोकळा राहील. सगळ्यांनी भाऊजींकडे पाहिलं. ते एवढंच म्हणाले, "बघू."

ते बघेपर्यंत हिवाळा गेला. सकाळी ते पॉलिटेक्निकला जायचे ते संध्याकाळी यायचे. मशीन ड्रॉइंग शिकवणारा माणूस, त्यांनी सोय मोजूनमापूनच केली. आधी दुकानातून एक पेटीसारखा बंद पिंजरा आणला. फुटाण्याने दिवसभर रडून खालच्या मजल्यावरच्या काकूंना हैराण केलं आणि तारेवर घासून नाक सोलून घेतलं. मग जाळीचं, वरून उघडं कुंपण आलं, तुमच्या हॉलमध्ये खिडकीपाशी. आत अंथरूण, पाणी, चघळायला दोरी. जाळी त्याच्या उंचीच्या कितीतरी वर.

संध्याकाळी भाऊजी दार उघडतात तर फुटाणा बाहेर! आणि कुंपणाचं दार जसंच्या तसं बंद, कडी लावलेली.

पहिल्या दिवशी त्यांना वाटलं, आपणच विसरलो. दुसऱ्या दिवशी कडीला नायलॉनची दोरी बांधली. गाठ तशीच, फुटाणा बाहेर. मग त्यांनी कामाच्या मावशींना विचारलं, तुम्ही दार उघडता का? मावशींना राग आला. म्हणाल्या, "मी कशाला उघडू, साहेब? मला बघून तर तो भुंकतो." भाऊजींनी चारही बाजूंनी पुठ्ठे लावून पाहिले, कुंपण भिंतीपासून लांब सरकवलं. मला रोज संध्याकाळी फोन यायचा, "नंदा, आजही बाहेर." खरं सांगू? त्या फोनची मी वाट बघायला लागले होते. तू गेल्यापासून त्यांनी स्वतःहून मला केलेले तेच पहिले फोन.

पण ते थकले होते, ताई. एकदा म्हणाले, "हा इथे राहायला तयारच नाही. त्याला हिच्याशिवाय करमत नाही, मी काय करणार?" आणि त्यांनी विष्णूला फोन करून रविवारी यायला सांगितलं.

विष्णूने फोनवर एक शंका काढली होती. आमचा मळा हायवेला लागून आहे, हा पळकुटा असला तर गाडीखाली यायचा. तो नेमका कसा निसटतो, तेवढं कळलं तर बरं होईल. म्हणून भाऊजींनी त्या आठवड्यात आपला जुना मोबाइल चार्जरला लावून टीव्हीच्या बाजूला उभा केला, कॅमेरा चालू करून, आणि कॉलेजला गेले.

नेमकी त्याच दिवशी द्राक्षं खाली राहिली. दिंडोरीकडच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांनी आदल्या संध्याकाळी पेटी आणून दिली होती. एकटा माणूस एवढी द्राक्षं कधी खाणार! पेटी सोफ्याजवळ जमिनीवर, वरचा कागद फाडलेला.

संध्याकाळी भाऊजींचा फोन आला. फुटाणा बाहेर आहे, द्राक्षं खाल्लीत, दाराजवळ उलटी केली आहे, तोंडातून लाळ गळते आहे. मी म्हटलं, द्राक्षंच आहेत ना, पोट बिघडलं असेल, दहीभात द्या. ते "बरं" म्हणाले. पण त्यांचा आवाज बरा नव्हता. फोन ठेवल्यावर मलाही चैन पडेना, म्हणून मी तू त्याला लस द्यायला न्यायचीस त्या डॉक्टरबाईंना फोन लावला. मी जेमतेम 'द्राक्षं' म्हटलं, तोवर त्या म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता घेऊन या. घरी काही देऊ नका."

भाऊजी स्कूटरवरून आले, फुटाणा शर्टाच्या आत, वरून स्वेटर. मी दवाखान्याच्या पायऱ्यांवर उभी होते. डॉक्टरबाईंनी तपासता तपासता सांगितलं, द्राक्षं आणि मनुका कुत्र्याच्या किडनीवर जातात. एखाद्याला पुष्कळ खाऊनही काही होत नाही, एखादा थोड्यानेही जातो. आधी सांगता येत नाही.

भाऊजी म्हणाले, "द्राक्षाने? नाशिकमध्ये?" जणू कोणी घरच्या माणसावर आळ घेतला होता.

डॉक्टरबाईंना एकच गोष्ट हवी होती. त्याने कधी खाल्ली? फार वेळ झाला नसेल तर इंजेक्शन देऊन आणखी उलटी करवता येईल. उशीर झाला असेल तर त्याचा उपयोग नाही. आम्ही एकमेकांकडे पाहिलं. कोण सांगणार? घरात कोणीच नव्हतं. मग भाऊजींना आठवलं. निघताना त्यांनी घाईत दोन्ही मोबाइल खिशात टाकले होते.

आम्ही तिघं त्या छोट्या पडद्यावर वाकलो. भाऊजी बोटाने पुढे सरकवत गेले. रिकामा हॉल, पडद्याची सावली, कुंपणात बसलेला फुटाणा. मग तो उठला. ताई, तू हे बघायला हवं होतंस! त्याने पुढचे पाय जाळीच्या चौकोनात अडकवले, मग मागचे, आणि शिडी चढावी तसा चढत गेला. वर पोहोचल्यावर धुतलेला टॉवेल दांडीवर टाकावा तसा पोटावर लोंबकळला. जरा हेलकावला आणि बाहेर धपकन पडला. उठून अंग झटकलं. बस्स, एवढंच गुपित होतं. कडी, दोरी, गाठ, मावशी, सगळे निर्दोष.

त्या तशा वेळीसुद्धा डॉक्टरबाईंना हसू आलं. भाऊजी हसले नाहीत. ते बोट पुढे सरकवतच होते. दुपार उलटून गेल्यावर फुटाणा पेटीजवळ गेलेला दिसला. वेळ बघून डॉक्टरबाई म्हणाल्या, "चालेल. अजून हातात आहे."

त्यांनी इंजेक्शन दिलं आणि थोड्याच वेळात द्राक्षं बाहेर आली, बरीचशी अख्खीच. मग कोळशाचं औषध पाजलं, पुढच्या एवढ्याशा पायाला सलाइन लावलं. किडनीचं आज कळणार नाही, रक्त पुन्हा पुन्हा तपासावं लागेल, असं त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी भाऊजींनी कॉलेजला रजा टाकली. आठवतंय, तुझ्या वाढदिवसाला कधी घेतली होती? मी सकाळी चहाचा थर्मास घेऊन गेले तेव्हा ते सलाइनच्या टेबलाजवळ स्टुलावर बसले होते. एक हात फुटाण्याच्या पाठीवर आणि दुसऱ्या हातात तो जुना मोबाइल. काल दवाखान्यात पेटीपर्यंतच पाहिलं होतं, पुढचं ते आता बघत होते. म्हणाले, "हे बघ."

आधी त्यांनी मला सकाळचा भाग दाखवला. कुंपणाबाहेर पडल्यावर फुटाणा काय करतो? मला वाटलं होतं घरभर हुंदडत असेल, उशा फाडत असेल. तसलं काही नाही. तो सरळ बाहेरच्या दारापाशी जातो आणि फटीला नाक लावून पडून राहतो. तासन् तास. मध्येच उठून पाणी पितो, घरात एक चक्कर मारतो, पुन्हा दाराशी. त्या दिवशी अशाच एका चकरेत त्याला ती पेटी सापडली. तेवढ्यासाठी तो रोज ती जाळी चढत होता, ताई. दाराशी पडून राहण्यासाठी.

मी म्हटलं, "ताईची वाट बघतो."

भाऊजींनी नकारार्थी मान हलवली आणि शेवटचा भाग लावला. संध्याकाळ झालेली. फुटाण्याने उलटी केलेली, तो तिथेच मलूल पडलेला. खालून पार्किंगमधून स्कूटरचा आवाज येतो, भाऊजींच्याच, त्यांनी अजून न बदललेल्या त्या खडखडणाऱ्या स्कूटरचा. फुटाण्याचे कान उभे राहतात. तो धडपडत उठतो, त्याचे पाय लटपटताहेत, आणि दाराकडे तोंड करून शेपटी हलवायला लागतो. जिन्यात पावलं वाजतात तशी जोरजोरात हलवतो. कुलूप उघडतं, आणि मोबाइलकडे पाठ करून भाऊजी आत येतात.

भाऊजींनी मोबाइल खाली ठेवला. मग म्हणाले, "नंदा, मला वाटायचं हा तिची वाट बघत बसतो. म्हणून मी आल्यावर त्याच्याकडे बघायचोही नाही. वाटायचं, मला बघून हिरमुसत असेल."

मी थर्मास उघडला आणि चहा ओतला. आम्ही दोघांनी चहा पिता पिता पोटभर रडून घेतलं. तुझ्या जाण्यानंतर ते माझ्यासमोर पहिल्यांदा रडले.

रक्ताचे रिपोर्ट एकामागून एक आले. सगळे नीट. शेवटचा आला तेव्हा डॉक्टरबाई म्हणाल्या, न्या आता घरी, आणि द्राक्षं आढ्याला टांगा.

रविवारी विष्णू आला, गोणपाट घातलेली टोपली आणि आपल्या मळ्यातले कांदे घेऊन. भाऊजींनी त्याला पोहे दिले, चहा दिला आणि मग शांतपणे सांगितलं, फुटाणा कुठे जाणार नाही. हा सगळा वेळ फुटाणा त्यांच्या पावलावर हनुवटी ठेवून झोपला होता. विष्णूने ते बघितलं आणि हसला. "मंग ऱ्हाऊ द्या की, दाजी. लय जीव लावलाय त्यानं."

आता तू विचारशील, मग दिवसा त्याचं काय? सकाळी भाऊजी त्याला माझ्या दुकानात सोडतात. मी लोहचुंबक फिरवून एकूण एक टाचणी उचलते आणि त्याला काउंटरच्या आतल्या बाजूला गादी देते. गंमत बघ, तिथे लहानसं अर्धं दार आहे, बरेचदा उघडंच असतं, पण हा उंबरा ओलांडत नाही. कापड बेतताना माझ्या पायाशी पडून असतो. मी एकटी बोलते, तो ऐकतो. बायका ब्लाउज द्यायला येतात आणि त्याच्याशीच गप्पा मारत बसतात. माझी कामं मागे पडतात, पण पडू देत.

संध्याकाळी भाऊजी घ्यायला येतात आणि चहाला थांबतात. आधी दारात उभ्यानेच प्यायचे, आता खुर्ची ओढून घेतात. कॉलेजच्या नोटीस बोर्डावर त्यांनी स्वतः मोठ्या अक्षरात लिहून लावलंय, कुत्र्यांना द्राक्षं आणि मनुका देऊ नयेत. अर्धी मुलं बागायतदारांची, कोणालाच हे माहीत नव्हतं. ज्यांनी पेटी दिली त्यांचा तर अजून फोन येतो, कसा आहे म्हणून.

काल एक नवीन गिऱ्हाईक बाई आल्या होत्या. फुटाण्याला बघून त्यांनी भाऊजींना विचारलं, तुमचा का? मी कात्री थांबवली. भाऊजी म्हणाले, "हो, आमचा. माझ्या मिसेसने आणलाय." आणि मग ते तुझ्याबद्दल बोलायला लागले, ताई. तू तो टोपलीतून कसा आणलास, रिक्षात त्याने काय केलं, तू कशी हसत होतीस. बाई ब्लाउजचं माप विसरून ऐकत राहिल्या. एवढं सगळं त्यांनी बघितलं होतं तर! पेपरच्या आडून.

आता माझं वचन ऐक. रोज संध्याकाळचा चहा आमच्याकडे राहील, आणि रविवारचं जेवणही. सासूबाईंनी स्वतःच सांगितलंय, कुत्रा अंगणात आणि भाऊजी आत. तुझ्या त्या घरात यापुढे दिवसभर कोणालाच एकटं ठेवायचं नाही, ना त्याला, ना त्यांना. ते माझ्याकडे लागलं.

तुझीच,
नंदू