माझ्या हातची काडतुसं

४ मार्च
निर्णय झाला. यापुढे पिस्तुलाची काडतुसं दुकानातून आणायची नाहीत, गॅरेजमध्ये स्वतः भरायची. रिकामी पितळी पुंगळी घ्यायची, बुडाला ठिणगी पाडणारी नवी टोपी बसवायची, आत दारू मोजून घालायची, वर गोळी ठेवायची आणि ती घट्ट बसवणाऱ्या प्रेसचा दांडा दाबायचा. तीस वर्षं शाळेच्या बसगाड्या दुरुस्त केल्या. हे काय अवघड?
शेजारचा ऑरिन स्टाडलर चाळीस वर्षं घरीच काडतुसं भरतो. म्हणाला, पहिली शंभर माझ्यासमोर भर. नम्रपणे नकार दिला. त्याच्यासमोर कोण बसणार धडे गिरवत?

९ मार्च
पन्नास भरली. सहा पुंगळ्या चेपल्या. हल्ली पितळच चांगलं येत नाही. आर्लीनने विचारलं, रेडिओवर बास्केटबॉल ऐकत दारू मोजतोस का? बायकोला सांगितलं, मॅच शेवटच्या मिनिटात होती. माझं लक्ष दोन्हीकडे असतं.

१५ मार्च, दुपारी
क्लबच्या नेमबाजीच्या रेंजवर गेलो. पन्नासात अकरा वेळा पिस्तूल अडकलं. थंडी फार होती. ऑरिनने माझी दोन काडतुसं शेजारी शेजारी धरली आणि म्हणाला, यांची उंची वेगळी आहे. मी म्हटलं, माणसांचीही असते. तो हसला नाही.

२९ मार्च
दुसरी खेप, शंभर. एकही अडकलं नाही! मला आश्चर्य वाटलं नाही. ऑरिनला वाटलं असावं, कारण तो अभिनंदनही न करता पिकअपमध्ये जाऊन बसला.

१२ एप्रिल
तिसरी खेपही तशीच. बर्फ वितळलं, हात बसला. क्लबच्या सेक्रेटरी लुसिलबाईंनी नवीन सभासदांसाठी बोलायला सांगितलं. विषय मीच सुचवला: ‘कारागिराची शिस्त’. ऑरिनला मुद्दाम पहिल्या रांगेत बसवलं. तासभर स्वतःच्या बुटांकडे बघत होता. मत्सर माणसाला खातो. त्याच्यासाठी वाईट वाटलं.

२२ एप्रिल
हे लिहून ठेवलंच पाहिजे.
दातांच्या डॉक्टरांनी वेळ रद्द केली म्हणून लवकर परतलो. आर्लीन ऑरिनच्या गॅरेजमधून बाहेर येत होती. हातात माझे काडतुसांचे डबे. माझ्या अक्षरातल्या चिठ्ठ्या लावलेले.
स्वयंपाकघरात सगळं बाहेर आलं. मी गुरुवारी बोलिंग खेळायला किंवा असा कुठे बाहेर गेलो की ती डबे ऑरिनकडे नेते. तो प्रत्येक काडतूस उघडतो, नीट भरतो आणि माझ्याच डब्यात परत ठेवतो. मार्चपासून चालू आहे. दुसऱ्या खेपेत म्हणे चार काडतुसांत दारूच नव्हती.
मी म्हटलं, माझ्या पाठीमागे?
ती बटाटे सोलत होती. म्हणाली, “समोर सांगितलं तेव्हा ऐकलंस? हात तुझा फुटला असता, घास मला भरवावा लागला असता.”
म्हणजे ते भाषण. पहिली रांग. सगळं माहीत असून तो बसून राहिला.

२३ एप्रिल
अबोला. दोघांशीही. आर्लीनने भाजलेलं खिम्याचं मीटलोफ खाल्लं, पण तारीफ केली नाही.
गॅरेजला कुलूप लावलं. काउंटीच्या नेमबाजी स्पर्धेसाठी शंभर काडतुसं भरतोय, शंभर टक्के माझी. चार रिकामी होती हे मला मान्य नाही. ऑरिनने उघडताना दारू सांडली असणार.

२ मे
शंभर तयार. एकेक पुसून ठेवलं. दुकानात नसतील इतकी देखणी.

१० मे
स्पर्धा. पहिल्या तीन गोळ्या सुरेख. चौथीला नुसतं फुस्स झालं. पिस्तूल अडकलं असं समजून सवयीने वरची स्लाइड हाताने मागे ओढली, नवं काडतूस आत गेलं, पुन्हा नेम धरला.
मागून ऑरिन म्हणाला, “वेंडेल, बोट काढ.”
ओरडला नाही. फक्त आवाज असा होता की बोट चापावरून आपोआप निघालं. रेंज ऑफिसरने माझी फेरी तिथेच थांबवली. चौथी गोळी नळीतच रुतली होती. पाचवी झाडली असती तर तिला जायला वाटच नव्हती.
सगळा क्लब बघत होता. लुसिलबाईही.
दमट हवेत दारू दगा देते.

११ मे
सकाळी ऑरिन आला. मी दार उघडलं नाही, आर्लीनने उघडलं. त्याने लाकडी दांड्याने नळीतली गोळी काढली. मग ते पाचवं काडतूस माझ्यासमोर उघडून तराजूत ओतलं. दुप्पट दारू होती. चौथ्यात नव्हती, ती यात. तेवढ्यात रेडिओवर कोणीतरी बास्केट टाकली असणार.
आर्लीनने माझा उजवा हात धरला आणि सोडलाच नाही. मीही अबोला विसरलो.
विश्वासघात मात्र विसरलेलो नाही. ऑरिनला तसं स्पष्ट सांगितलं. तो म्हणाला, बरं.
आता काडतुसं तो भरणार. पुंगळ्या धुवायचं काम माझ्याकडे. आज दोनशे धुतल्या. त्याने फक्त चाळीस परत धुवायला दिल्या.