कोपऱ्यावरची सूर्यफुलं

१४ ऑक्टोबर

प्रिय धाकटे,

अनेक आशीर्वाद. तुझं पत्र मिळालं. सासूबाईंकडे जरा विसावा मिळतोय हे वाचून बरं वाटलं. जेवतेस ना? नुसत्या चहावर दिवस ढकलू नकोस, तुझी सवय मला माहीत आहे.

इकडे सगळं ठीक. माझा गुडघा कुरकुरतोय. रस्त्याकडेची आपली फुलांची पट्टी अजून आहे. गल्लीतल्या प्लंबरने दवाखान्यासमोर नवा तुकडा खणला. निम्मी माती निघाली, निम्मी सिगारेटची थोटकं. त्यात सब्जा आणि झेंडू लावलाय. मधमाश्याही यायला लागल्या. वळणाचा कोपरा मात्र सगळ्यांनी मिळून उपटून टाकला. आता तिथे बोडकी माती आहे आणि येणारी गाडी दुरूनच दिसते.

तुझा प्रश्न मी टाळतेय, हे तू ओळखलंच असशील.

कोपऱ्यावर गुडघ्याच्या वर काही वाढू द्यायचं नाही, हा नियम आपणच केला होता. गाडीवाल्याला रस्त्यावरचं मूल दिसायला हवं म्हणून. पण ती सूर्यफुलं कुणी लावलीच नव्हती. आपोआप उगवली, आणि मधमाश्यांनी अशी गजबजली की कापायला कुणाचा हात धजेना. तुझी चिमी त्यांना पाठ लावून उंची मोजायची आणि हरली की चिडायची. त्या सकाळी ती त्यांच्यामागूनच पळत निघाली. दूधगाडीवाल्याने ब्रेक दाबला, पण त्याला ती दिसलीच नव्हती गं.

तू विचारतेस, ‘ताई, खरं सांग. आदल्या दिवशी “बी धरेपर्यंत राहू देत” असं कोण म्हणालं? मला झोपेत माझाच आवाज ऐकू येतो.’

मी म्हणाले. पोलिसांना तेच सांगितलं, तुझ्या नवऱ्यालाही. तो माझ्याशी बोलत नाही, आणि त्याचं बरोबरच आहे. वरच्या मजल्यावरची नर्स सांगत सुटली होती की मी कात्री घेऊन गेले आणि तू माझा हात धरलास. उचलली जीभ, लावली टाळ्याला! तिला म्हटलं, ‘बाई, खिडकीतून तुम्हाला ऐकू काय येणार? परत हे बोललात तर माझ्या दारात पाय ठेवायचा नाही.’ तेव्हापासून गप्प आहे.

लहानपणापासून माझं खोटं तुला लगेच कळतं. या वेळी कळून घेऊ नकोस. मला तुझ्या जिवाची फार भीती वाटते, धाकटे. चिमी गेली, तिच्यामागे तूही गेलीस तर मी कुणाची ताई? निदान माझ्यावर संतापायला तरी रोज सकाळी ऊठ. शिव्या दे, जन्मभर तोंड बघू नकोस. मला ते झेपेल. तुला दुसरं झेपणार नाही.

उत्तर पाठवलं नाहीस तरी चालेल. जेव मात्र.

जिने ती फुलं कापली नाहीत, ती तुझी
ताई