चिठ्ठी वाचणार नाही

१ जानेवारी, गुरुवार. सकाळी ६.१०
नवीन वर्ष, नवीन डायरी. बाबांना कंटेनर यार्डातून मिळालेली आहे, मुखपृष्ठावर क्रेन आहे, तिकडे दुर्लक्ष करावे. आजपासून रोज पहाटे पाचला उठून खाडीच्या बांधावर व्हॉइस प्रॅक्टिस. गार पाणी, लोणचं, तळलेले बोंबील बंद. कॉमेंटेटरचं भांडवल म्हणजे घसा. आज सहा वाजून गेलेत, तेव्हा उद्यापासून.

३ जानेवारी
स्पोर्ट्स मीडियाच्या शेवटच्या वर्षाचा फायनल प्रोजेक्ट जाहीर झाला. खऱ्या मैदानावर, एका अख्ख्या सामन्याची लाइव्ह कॉमेंट्री, स्वतःच्या आवाजात. प्रांजली मॅडम म्हणाल्या, ज्याचं रेकॉर्डिंग सर्वांत चांगलं त्याला मुंबईत स्पोर्ट्स चॅनेलवर सहा महिन्यांची इंटर्नशिप. हे बोलताना त्या माझ्याकडे बघत होत्या. (माझ्या मागे घड्याळ आहे, पण तरी.)

घरी सांगितलं. बाबा म्हणाले, नाय मिळाली तर दोन फेब्रुवारीपासून यार्डाच्या गेटवर उभा राहायचं, सुपरवायझरशी बोलून ठेवलंय. मी म्हटलं, माझी खुर्ची दुसऱ्या कुणाला द्या. बाबा म्हणाले, गेटवर खुर्ची नसते.

५ जानेवारी
सामना ठरला. १८ तारखेला आपल्याच गावात गावदेवी चषक, टेनिस बॉल, भातकापणी झालेल्या शेतात. इथली कॉमेंट्री बावीस वर्षं चांगदेवकाका करतो, म्हणजे माझा सख्खा काका. सोमवार ते शनिवार ट्रेलर चालवतो, रविवारी माईक. ट्रेनिंग शून्य. दोन बॉलच्या मधे लोक खालून चिठ्ठ्या देतात आणि हा वाचत बसतो. अमुक अमुक यांचं मैदानावर आगमन झालंय, त्यांचं स्वागत. पांढरी गाडी रस्त्यात लावलेय, काढावी. कुणाची तरी चप्पल बदलली गेलेय. एकदा तर विकेट पडली तेव्हा काका वरण-भात तयार असल्याचं सांगत होता! आमच्या सिलॅबसमध्ये हे कुठेही नाही.

काकाला म्हटलं, फायनल मी करतो. मला वाटलं, वाईट वाटेल. उलट खूश झाला. म्हणाला, कर की, फकस्त चिठ्ठ्या वाचीत जा, लोकांना आपला नाव ऐकाचा असतो. मी स्पष्ट सांगितलं, चिठ्ठी वाचणार नाही. तत्त्व म्हणजे तत्त्व. काका हसला. जुन्या पिढीला प्रोफेशनलिझमची भीती वाटते.

९ जानेवारी
पाचचा गजर झाला. बंद केला. थंड हवेने घसा बसतो असं कुठेतरी वाचलंय, त्यामुळे प्रॅक्टिस मनातल्या मनात, पांघरुणात. उत्तम झाली.
दुपारी बोंबील. शेवटचे.

१४ जानेवारी, संक्रांत
तिळगूळ घशाला वाईट. नऊ खाल्ले. गोड बोलायची सोय.
दीपेश आला होता. स्पीकर, मिक्सर, यूट्यूब लाइव्ह, सगळं त्याचंच. तो मला मिक्सरची बटणं समजावायला लागला. हे तिसरं दाबलंस तरच आवाज बाहेर, नायतर फक्त तुझ्या कानात, वगैरे. मी त्याला थांबवलं. म्हटलं, आमच्याकडे चोवीस चॅनेलचा मिक्सर आहे. खरोखरच आहे. काचेच्या खोलीत आहे. वायरी गुंडाळायला लागला.

१७ जानेवारी
मोठे हेडफोन आणले. कानावर चढवले की बाहेरचं काही म्हणजे काही ऐकू येत नाही, फक्त स्वतःचा आवाज. जागतिक दर्जा.
कॉमेंट्री बॉक्स म्हणून काकाचा ट्रेलर शेताच्या कडेला उभा करणार. माझी अट, वर कुणी यायचं नाही. काकाची नेत्रा स्कोअर लिहिते, तिने विचारलं, काही लागलं तर, दादा? म्हटलं, काही लागणार नाही.

आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून ती घराबाहेर पडत नाही. पण एक भोंगा देवळावर बांधतात, तो आमच्या ओटीवर स्वच्छ ऐकू येतो. तिने अख्ख्या आळीला सांगून ठेवलंय, उद्या माजा निकेत बोलनार हाय. चार बायका ओटीवर येणार आहेत. तिला म्हटलं, पहिलं वाक्य तुझ्यासाठी.

१८ जानेवारी, रविवार. संध्याकाळी ७.००
इतिहास घडला. सविस्तर लिहितो.

ट्रेलरवर चढलो, दीपेशच्या मिक्सरसमोर बसलो, शिडी वर ओढून घेतली, हेडफोन चढवले. सुरुवात केली, "खाडीच्या वाऱ्याला आणि ओटीवर बसलेल्या माझ्या आईला नमस्कार." कानात माझा आवाज असा घुमला की मलाच भरून आलं. मैदानावर पूर्ण शांतता. लोक माझ्याकडे टक लावून बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा दर्जेदार कॉमेंट्री ऐकणाऱ्यांचं असंच होतं.

दुसऱ्या ओव्हरपासून लोक हात हलवायला लागले. मीही हलवला. काही जण कानाकडे बोट दाखवत होते, म्हणजे ऐकतोय, चालू दे. नेत्रा तर उड्या मारत होती. शिडी नव्हती, म्हणून तिने बांबूच्या टोकाला चिठ्ठी अडकवून वर धरली. मी न वाचता खिशात टाकली. मग दुसरी. मग रांगच लागली, अकरा चिठ्ठ्या! मोह झाला, पण एकही उघडली नाही.

चांगदेवकाकाची मात्र दया आली. बक्षिसांच्या टेबलाजवळ दुसरा माईक हातात धरून उभा होता आणि सारखे ओठ हलवत होता. बावीस वर्षांची सवय. माणसं बंद माईकवरसुद्धा बोलत राहतात.

शेवटच्या बॉलवर सिक्स. मैदान उसळलं. मी एका श्वासात चाळीस सेकंद बोललो. खाली उतरलो. दीपेश माझ्याकडे बघून नुसता कपाळ चोळत होता. काका खांद्यावर हात ठेवून म्हणाला, व्हतं रं असं. मी म्हटलं, होतं नाही काका, करावं लागतं.

रात्री ९.००
आईला विचारलं, कसं वाटलं. ती म्हणाली, आदी जेव. पुन्हा विचारलं. म्हणाली, आवाज घरापोत आला न्हाय रे. वारा खाडीकडून होता, त्यामुळे असेल. बायका मात्र संध्याकाळपर्यंत बसून होत्या म्हणे. बोंबील छान झाले होते.

१९ जानेवारी
दीपेशच्या व्हिडिओखाली दोनशे चौदा कमेंट. "काय आवाज! एक नंबर." "कॉमेंट्री ऐकून अंगावर काटा." "असा माणूस टीव्हीवर पाहिजे." डोळ्यांत पाणी आलं. स्वतः ऐकलं नाही, खरा कलाकार स्वतःचं काम पुन्हा ऐकत बसत नाही. शिवाय नेट संपलं होतं. लिंक मॅडमना पाठवली. सोबत चार ओळी, मी चिठ्ठ्या न वाचण्याची नवी पद्धत आणली आहे, कृपया नोंद घ्यावी.

२३ जानेवारी
मोरा बंदरावर जाऊन मुंबईच्या लाँचचं टाइमटेबल लिहून आणलं. खिडकीजवळची जागा कुठल्या बाजूला बरी, हेही बघून ठेवलं.

२८ जानेवारी, बुधवार. दुपारी १.१५
मॅडमचा मेल. जसाच्या तसा उतरवून घेण्याची ताकद नाही. आशय असा: कॉमेंट्री अप्रतिम. बॉल, मैदान, माणसं, सगळ्यांवर एकाच वेळी लक्ष. चिठ्ठ्या वाचण्याची पद्धत विशेष आवडली, त्यात अख्खं गाव दिसलं. पण हा आवाज पन्नाशीच्या गृहस्थांचा आहे, ते कोण? त्यांना कॉलेजात लेक्चरला बोलवायचं आहे, नंबर पाठव. तुझं स्वतःचं रेकॉर्डिंग अजून मिळालेलं नाही. इंटर्नशिप माणगावच्या तेजस्वीला, शाळेच्या पटांगणातल्या खो-खोसाठी.

दुपारी ३.००
व्हिडिओ ऐकला. पहिल्या सेकंदापासून शेवटपर्यंत काका.
एकदा मी दिसतो. ट्रेलरवर, दोन्ही हात पसरून. आवाज नाही.

दुपारी ४.३०
त्या दिवशीची पँट आई धुवायला घेत होती, तेव्हा खिशातल्या चिठ्ठ्या तिने काढून देवाच्या फळीवर ठेवल्या होत्या. तिला वाटलं, कामाचं काही असेल. उघडल्या. सगळ्या नेत्राच्या अक्षरात.
"दादा, आवाज येत नाही."
"तिसरं बटण!!"
"हेडफोन काढ."
"शिडी सोड ना."
"बाबा बोलतायत आता खालून, चिडू नको."
अशा दहा. अकरावी: "काकूचा फोन आला. विचारते, निकेत कधी बोलणार?"

रडलो. डायरीत खोटं कशाला लिहायचं? अर्थात, मिक्सर जुनाट होता हेही नोंदवून ठेवतो.

१ फेब्रुवारी, रविवार
उद्या सकाळी आठला यार्डाच्या गेटवर. बाबांनी त्यांचे जुने सेफ्टी बूट पुसून दाराशी ठेवले.

आज गावात मुलांचे सामने होते. जायचं नव्हतं. काका बोलवायला आला. म्हणाला, मी बॉलवर बगतो, तू चिठ्ठ्या वाच. मी म्हटलं, मी तीन वर्षं शिकलोय. तो म्हणाला, हां, मंग वाचता येत असल.

बसलो. तिसरं बटण स्वतः दाबलं. दोनदा. (त्याने ते पुन्हा बंद झालं, नेत्राने तिसऱ्यांदा दाबलं.) पहिली चिठ्ठी आली, वाचली. पांढरी गाडी, देवळाच्या वाटेवर लावलेली, ज्यांची असेल त्यांनी ताबडतोब बाजूला घ्यावी. एवढंच. देवळावरच्या भोंग्यातून माझा आवाज माझ्याकडे परत आला. वाटला होता त्यापेक्षा बारीक आहे.

घरी आलो तर आई ओटीवर, बाजूला चार बायका. आई म्हणाली, आला रं आवाज, सोच्छ आला. मग विचारलं, काढली का त्यानं गाडी?
काढली.