विक्रमच्या नावाची हेल्मेटे

लिहून ठेवणार गिरिधर नत्थूजी भोयर, वय एकाहत्तर, धंदा भांड्यांवर नावे टाकणे, राहणार लकडगंज, नागपूर. डोके ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या मर्जीने हे मृत्युपत्र करतो.

१. राहते घर पत्नी गोपिका हिला आणि तिच्या पश्चात सून चारुशीला हिला द्यावे. सुनेशी मी धड बोलत नाही, पण त्याचा घराशी संबंध नाही.

२. मौजे कुही येथील धानाची जमीन पुतण्या जितेंद्र कसतो, ती त्यालाच द्यावी. बांधावरून भांडला, ते सोडून दिले. मात्र त्याला दिलेले हेल्मेट परत घ्यावे. त्यात तो मोटारपंपाचे पाने ठेवतो.

३. हेल्मेटांचे सांगणे भाग आहे. माझा मुलगा विक्रम कन्हानच्या रस्त्यावर गाडीवरून पडून गेला. अंगाला खरचटलेलेही नव्हते, मार फक्त डोक्याला. हेल्मेट घरी खुंटीवर होते. "इथल्या इथं तं जाऊन राहिलो, बाबा," म्हणाला होता. तेरवीला लोक स्मरणार्थ ताटे वाटतात, मी हेल्मेटे वाटली. प्रत्येकावर 'कै. विक्रम गिरिधर भोयर यांच्या स्मरणार्थ' असे सुबक अक्षरात टाकले. सगळ्यांनी रडत घेतली. घातले एकानेही नाही. "मेलेल्याचं नाव डोक्यावर घेऊन कोणी रस्त्यानं निघते काय, काकाजी?" जितेंद्र म्हणाला. त्याच नावाच्या ताटात मात्र हे लोक खुशाल जेवले असते! हा राग मी सोडलेला नाही.

४. बँकेतली शिल्लक विक्रमची मुलगी अबोली हिच्या शिक्षणाला लावावी. ती रोज स्कूटीने त्याच रस्त्याने कॉलेजला जाते. उन्हाने रंग जाऊ नये म्हणून चेहऱ्याला दुपट्टा गुंडाळते, डोक्याची काळजी नाही. तिला कोरे हेल्मेट आणले, ते सुनेने माळ्यावर टाकले. "तुमच्या हातचं नको, मामाजी. तेरवीचंच वाटते." हेल्मेट घातले तरच पैसे द्यावेत, अशी अट मला घालायची होती. वकील म्हणाले, घाला, पण बघणार कोण?

५. विक्रमचे स्वतःचे हेल्मेट अबोलीला. ते विकत घेतले त्याच दिवशी मी हौसेने त्यावर त्याचे नाव टाकले होते. बापाची वस्तू म्हणून तरी घालील, नाव तेवढे नडेल, असे वाटून मागच्या आठवड्यात मी ते काचपेपरने घासून काढले. जन्मभर नावे टाकली, पुसलेले हे पहिलेच. घासताना रडलो, हेही लिहून ठेवतो.

ते तिच्या हातात दिले, तेव्हा घासलेल्या जागेवरून तिने बोट फिरवले. "नाव गेलं, आबाजी, पण मले तं अजून दिसूनच राहिलं," म्हणाली. हेल्मेट खुंटीला लावले, दुपट्टा बांधला आणि गेली. ती घालील अशी आशा मला आता नाही. तरी ते खुंटीवरून कोणी काढू नये.

६. नावे टाकण्याचे यंत्र जितेंद्रला देणार होतो, तो बेत रद्द. माझ्या तेरवीची ताटे त्यावर करून घ्यावीत आणि त्याच दिवशी ते मोडीत द्यावे. या यंत्राने मी अबोलीचे नाव तिच्या बारशाच्या वाटीवर टाकले आहे. ते नाव त्याच यंत्राने कोणी ताटावर टाकू नये.

सही: गिरिधर नत्थूजी भोयर

त्यांनी आमच्या डोळ्यांदेखत सही केली, म्हणून आम्ही केली:
१. वसंत झाडे, शेजारी
२. यमुताई वानखेडे, निवृत्त शिक्षिका

लकडगंज, नागपूर
१७ फेब्रुवारी २०२५