पुठ्ठ्यावरचा डाग

रविवार, दिवेलागण. अमरावती.

गळती थांबावी म्हणून तिसऱ्यांदा इंजिनचं गॅस्केट बदललं, तरी गाडीखालच्या पुठ्ठ्यावर आज पुन्हा ऑइलचा भाकरीएवढा काळा डाग! डोकं फिरून गेलं. ऑइल मोजायची डिपस्टिक काढून पाहायचं मले आज सुचलं, तर ऑइल वरच्या खुणेच्याही दोन बोटं वर. मी तर थेंबही टाकला नव्हता. बाबाले विचारलं.

म्हणाले, "पुठ्ठ्यावर डाग दिसला का मी कपभर टाकतो. इंजिन कोरडं पडलं तं?"

म्हणजे हे रोज भरून राहिले, जास्तीचं रोज गळून राहिलं, आन् मी येड्यासारखा बोल्ट कसून राहिलो! जोरात ओरडलो. हात थरथरतात म्हणून दिवाळीत त्यांच्याजवळची गाडीची चाबी मीच काढून घेतली, हे तेव्हा आठवलंच नाही.

बाबा एवढंच बोलले, "चाबी तं नेली तू. येवढं तं करू दे."